एम. ए. नंतरचे बंद दार

१९३२ सालच्या डिसेंबरात विनोबा भावे वर्ध्यातील आश्रम सोडून जवळच्याच नालवाडीत राहावयास गेले. पुढे तेथे चर्मालय उभे राहिले आणि गोपाळराव वाळुंजकरांसारखा कार्यकर्ता कातडी कमावण्याचे काम शिकून ते चालवू लागला. १९३६ साली विनोबांचेच सहकारी मनोहर दिवाण यांनी लगतच्या दत्तपूरला कुष्ठरुग्णांच्या सेवेस आरंभ केला. ज्या कामांना समाजाने विटाळ चिकटविला होता ती आश्रमीयांनी आपल्या हातांनी करावी, हा त्या साऱ्या खटाटोपाचा आशय होता. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्या वाटेची दुसरी बाजू आश्रमाच्या आवाक्यातली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कातडे सोलणाऱ्यांच्या, शेत राबणाऱ्यांच्या लेकराबाळांनी वरच्या समजल्या जाणाऱ्या व्यवसायांत कसे शिरावे, हा प्रश्न राज्यघटनेने आणि आरक्षणाने पुढे काही अंशी सोडविला. त्यांच्यातून डॉक्टर झाले, वकील झाले, प्राध्यापक आणि जिल्हाधिकारीही झाले. परंतु एक व्यवसाय असा राहिला आहे की त्याचे दार या पदवीधरांसाठी आजही जेमतेम किलकिले आहे, आणि त्याची वाच्यता सहसा कोणी करीत नाही. तो व्यवसाय म्हणजे चिकित्सा मानसशास्त्र. रुग्णालयात ज्याला सारे क्लिनिकल सायकॉलॉजी म्हणतात ते.

नालवाडी आज वर्धा शहरात जवळजवळ मिसळून गेली आहे. तेथून आणि जिल्ह्याच्या गावागावांतून वर्ध्याच्या महाविद्यालयांत येणारी मुले-मुली कला शाखेत मानसशास्त्र हा विषय आवडीने घेतात. त्यांतल्या काहीजणी, कारण या वर्गात मुलींचाच भरणा अधिक असतो, नागपूर विद्यापीठातून एम. ए. ही होतात. शेतमजुराच्या, छोट्या शेतकऱ्याच्या, अंगणवाडी सेविकेच्या घरातील ही पहिली पदव्युत्तर पिढी असते. त्यानंतर काय, असा प्रश्न येतो तेव्हा त्यांना कळते की मानसशास्त्रात एम. ए. झालेला माणूस कायद्याच्या दृष्टीने मनोरुग्णावर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या केली आहे. तीनुसार भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील पात्रता हवी, किंवा एम. ए. नंतर रुग्णांसमवेत देखरेखीखाली प्रशिक्षण देणारा दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. हवा. अट रास्त आहे. पुस्तके वाचून कोणी शस्त्रक्रिया करीत नाही, मग पुस्तके वाचून मनावर उपचार तरी का करावे? गोम अटीत नाही, अट पुरी करण्याच्या संधीत आहे.

ही संधी किती तुटपुंजी आहे ते इतिहासावरून ध्यानात येईल. भोर समितीने १९४६ साली मानसिक आरोग्यासाठी मनुष्यबळ घडविण्याची निकड सांगितली. तीतून बंगलोरला अखिल भारतीय संस्था निघाली आणि तेथे १९५५ च्या सुमारास मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी रुग्णालयीन प्रशिक्षण सुरू झाले. रांचीला १९६२ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. त्यानंतर कित्येक दशके या देशातला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे बहुधा बंगलोर किंवा रांचीचा माणूस, असेच समीकरण राहिले. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये असताना प्रशिक्षणाच्या जागा मात्र पुण्या-मुंबईच्या परिसरात, आणि त्याही मूठभर. अलीकडे काही अभिमत विद्यापीठांनी हे अभ्यासक्रम काढले आहेत; पण तेथील शुल्क ऐकले की आर्वी किंवा आष्टी तालुक्यातला बाप विषय तेथेच संपवितो. शिवाय या खासगी विद्यापीठांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखणे बंधनकारक नाही. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने तशी तरतूद करण्याची मुभा दिली. मुभेचे कायद्यात रूपांतर करण्याची तसदी मात्र संसदेने खासगी संस्थांपुरती अद्याप घेतलेली नाही.

आकड्यांत सांगावयाचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत भारतात दर लाख लोकसंख्येमागे मानसशास्त्रज्ञांचे प्रमाण ०.०७ इतके निघाले होते. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख. गुणाकार करून पाहावा: जिल्ह्याच्या वाट्याला एक पुरता माणूसही येत नाही. आणि हा हिशेबही फसवा आहे, कारण हे मूठभर लोक देशभर सारखे विखुरलेले नाहीत, ते मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत.

या टंचाईची झळ कोणाला पोचते? मतिमंद मुलाच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक मोजणारा पात्र मानसशास्त्रज्ञ लागतो. तो जिल्ह्याला नसला की मजुरी बुडवून, मुलाला काखेत घेऊन नागपूरची वारी करावी लागते. तारीख पुढची मिळाली की पुन्हा वारी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिलेला हक्क असा एस. टी. च्या तिकिटात अडकून पडतो. येथे एक गोष्ट सहज आठवली म्हणून सांगतो. ज्या बिने-कामत कसोटीने या देशात मुलांची बुद्धी मोजली जात आली, ती व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडकडे मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांवर प्रमाणित केली होती. म्हणजे देशाला कसोटी पुरविण्यात मराठी पोरांचा वाटा मोठा. आणि ती कसोटी घेण्यास आज मराठी मुलखातल्या तालुक्यात माणूस नाही.

दुसरी झळ अधिक गंभीर आहे. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले त्यांत वर्धा होते. शेतकऱ्याच्या आत्महत्येचे मूळ कापसाच्या भावात, कर्जात आणि कोरडवाहू शेतीच्या बेभरवशात आहे. ते मनोविकारात शोधणे ही शासनाच्या सोयीची पळवाट होईल, हे निःसंशय. पण भाव मिळेपर्यंत, कर्ज फिटेपर्यंत तो माणूस जगावयास हवा आणि त्याच्या पश्चात त्याची विधवा आणि मुले उभी राहावयास हवीत. राज्य शासनाने २०१५ साली १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला तो याच जाणिवेने. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला होता आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम. प्रत्येक योजनेच्या कागदावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे एक पद आहे. जाहिरात निघते, पात्र उमेदवार येत नाही, आला तर वर्षभरात नागपूर-पुण्याकडे निघून जातो. त्याला दोष का द्यावा? ज्याचे घर पुण्यात, शिक्षण बंगलोरमध्ये, त्याने कंत्राटी पगारावर हिंगणघाटच्या उन्हाळ्यात का राहावे?

आणि राहिला तरी त्याला समोरच्या माणसाचे बोलणे समजेल का, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडचा शेतकरी नैराश्य आले असे म्हणत नाही. त्याला करमत नाही, त्याचा जीव लागत नाही, त्याच्या डोक्यात काहीतरी चालू राहते. सुनेने धसका घेतलेला असतो, सासूच्या अंगात येते. इंग्रजी प्रश्नावलीचा छापील मराठी अनुवाद वाचून दाखविला की तो प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणतो आणि कागदावर निरोगी ठरतो. त्यातून वर्धा हा १९७५ पासून दारूबंदीचा जिल्हा. येथे व्यसनी माणूस केवळ आजारी नसतो, गुन्हेगारही असतो, आणि कोट घातलेल्या परक्यापुढे तो आपले पिणे कबूल करीत नाही. मोहाची दारू कोठे लागते, कोणत्या दिवशी कोणाच्या हाती पैसा येतो, घरातली बाई कोणत्या शब्दांत तक्रार करते आणि कोणत्या शब्दांत ती गिळते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते ज्याच्या घरात घडले त्याला ते ठाऊक असते. जातीने दिलेला अपमान हा जेव्हा आजाराचा भाग असतो, तेव्हा तर हे शतपट खरे. वसतिगृहात हिणविली गेलेली आदिवासी मुलगी आपल्याला झोप येत नाही एवढेच सांगते. उरलेले ओळखण्यास, तिला भ्रम झाला आहे असे न म्हणण्यास, त्या हिणविण्याची जात माहीत असावी लागते.

याचा अर्थ दलिताचा उपचार दलितानेच करावा आणि कुणब्याचा कुणब्याने, असा कोणी काढू नये. तसे झाले तर रुग्णालयात पुन्हा गावकुसाची मांडणी होईल. म्हणणे इतकेच आहे की ज्या व्यवसायाचे सारे हत्यार म्हणजे माणसाचे बोलणे ऐकणे आणि समजणे, तो व्यवसाय एकाच थरातील, एकाच शहरी इंग्रजी वळणाच्या माणसांच्या हाती राहिला, तर त्याचे कान अर्धेच उघडे राहतात. अमेरिकेतील मानसशास्त्राला हे उशिरा उमगले. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने बाहुल्यांच्या प्रयोगांनी वर्णद्वेष लहान मुलांच्या मनावर कसा उमटतो ते दाखविले. शाळांतील वर्णभेद मोडणाऱ्या १९५४ च्या निकालात त्या कामाचा आधार घेतला गेला. गोऱ्या मानसशास्त्रज्ञांना तोवर तो प्रश्न सुचला नव्हता असे नव्हे, पण तो विचारण्याची निकड ज्यांना होती ते व्यवसायात आल्यावर तो धसास लागला. त्यानंतरही अल्पसंख्य विद्यार्थ्यांना या शिक्षणासाठी अधिछात्रवृत्ती देणारी योजना तेथील मानसशास्त्र संघटनेला काढावी लागली, ती १९७४ साली.

आता एका नव्या विचारसरणीकडे वळावयास हवे, कारण ती दिसावयास उदार आणि परिणामात धोक्याची आहे. गोव्यातील संगाथ या संस्थेने गावपातळीवरच्या साध्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी नैराश्यावर उपचार करता येतात हे सिद्ध केले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत तिच्या ‘विश्राम’ कार्यक्रमाने नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हे यश खरे आहे आणि विदर्भाला अभिमान वाटावे असे आहे. परंतु त्यावरून, मग तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञांची गरजच काय, गावच्या मुलींना आठ-दहा आठवडे शिकवू आणि भागवू, असा निष्कर्ष मंत्रालयाच्या मजल्यांवर निघू लागला तर तो चुकीचा होईल. त्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी देखरेख करणारे, अवघड रुग्ण हाती घेणारे तज्ज्ञ होते, म्हणूनच ते यश आले. प्रश्न असा आहे की देखरेख करणारा कोठून येणार आणि गावात फिरणारी कोठून येणार. फिरणारी नेहमी नालवाडीची आणि तपासणारा नेहमी पुण्याचा, तर ती नुसती कामाची विभागणी राहत नाही, काम करणाऱ्यांचीही विभागणी होते. ही मांडणी या देशाला फार जुनी आणि परिचित आहे.

तसे ते घडतेही आहे. एच. आय. व्ही. च्या सल्ला व चाचणी केंद्रांत, किशोरवयीन मुलांच्या आरोग्य केंद्रांत, व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून जी माणसे वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत आहेत, त्यांत मानसशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या याच बहुजन पदवीधरांचा मोठा भरणा आहे. मृत्यूची बातमी सांगणे, नवऱ्याकडून बाधित झालेल्या बाईला धीर देणे, पळून आलेल्या मुलीला घरी कसे पाठवावे हे ठरविणे, ही कामे ते करतात. दहा वर्षे केली तरी कंत्राट अकरा महिन्यांचेच आणि हुद्दा तोच. त्या अनुभवाला वरच्या पायरीवर नेणारी शिडीच नाही. इंग्लंडमध्ये २००८ पासून मानसोपचाराची जी सार्वजनिक योजना उभी राहिली तिच्यात पदवीधराला प्राथमिक पातळीवर पगारी घेऊन शिकविले जाते. आणि चिकित्सा मानसशास्त्राची डॉक्टरेट करणाऱ्या विद्यार्थ्याला तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा नोकर म्हणून वेतन देते. तरीही त्या व्यवसायात गोऱ्या मध्यमवर्गाचे प्राबल्य आहे, अशी तक्रार तेथे चालूच आहे. वेतन देऊन ही स्थिती, तर शुल्क घेऊन आपल्याकडे काय होणार!

मुद्द्याचा गाभा येथेच आहे. चिकित्सा मानसशास्त्राचा प्रशिक्षणार्थी दोन वर्षे बाह्यरुग्ण विभागात बसतो, इतिहास लिहून घेतो, कसोट्या घेतो, उपचार करतो. ते काम रुग्णालयाला हवे असते. त्याच इमारतीत मनोविकारशास्त्राचा निवासी डॉक्टर तेवढ्याच तासांसाठी विद्यावेतन घेतो. मानसशास्त्राची मुलगी मात्र बऱ्याच ठिकाणी उलट शुल्क भरते आणि खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके स्वतःच्या पदरची. ज्या घरात थोरल्या मुलीच्या पगाराची वाट पाहिली जाते, तेथे आणखी दोन वर्षे बिनपगारी शिक्षण म्हणजे अशक्यच. आणि वय तेवीस-चोवीस झाले की लग्नाची घाई असतेच. अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीय उमेदवारांना प्रवेशासाठी गुणांची अट ५५ वरून ५० टक्क्यांवर आणली आहे, ते ठीकच. परंतु अडसर पाच टक्के गुणांचा नव्हता, चोवीस महिन्यांच्या भाकरीचा होता.

वर्ध्याच्या मातीत यावर उत्तर शोधावयास लांब जावे लागत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात याच गावी भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम निघाली. तिची दोन सूत्रे होती: शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि ते उत्पादक कामातून घडावे. चरख्याभोवती उभारलेली ती शाळा पुढे टिकली नाही, त्याची कारणे निराळी. पण रुग्णालयीन प्रशिक्षणाला ही दोन्ही सूत्रे जितकी चपखल बसतात तितकी दुसऱ्या कशालाही बसत नसतील. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा रुग्णालय आहे. दत्तपूरला कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचे जुने काम आहे, आणि समाजाने टाकलेल्या माणसाचे मन हा मानसशास्त्राचा केवढा मोठा पाठ आहे! ही तिन्ही ठिकाणे मिळून दरवर्षी सहा-आठ प्रशिक्षणार्थी घडविणारे केंद्र वर्ध्यात उभे राहणे अशक्य नाही. अडचण येईल ती शिक्षकांची, कारण पात्र अध्यापकांच्या प्रमाणातच परिषद जागा मंजूर करते. म्हणून पहिली काही वर्षे बाहेरून दोघे-तिघे अध्यापक चांगल्या वेतनावर आणावेच लागतील. तेवढा खर्च सोसला तर पुढचे अध्यापक येथलेच होतील.

विद्यावेतनाचा पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आज संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्त्या देतात. त्यांतल्या थोड्या चिकित्सा प्रशिक्षणाकडे वळविल्या तर समाजाचे नुकसान होणार नाही, पीएच. डी. च्या प्रबंधांनी भरलेल्या कपाटांविषयी आदर बाळगूनही हे म्हणता येते. बदल्यात शिकून झाल्यावर तीन वर्षे विदर्भ-मराठवाड्यातील जिल्ह्यात काम करण्याचे बंधपत्र घ्यावे, मात्र त्या तीन वर्षांत पद नियमित आणि वेतनश्रेणीचे असावे. कंत्राटासाठी बंधपत्र घेणे ही वेठबिगारी होईल. समुपदेशक म्हणून पाच वर्षे काम केलेल्यांना प्रवेशात वेगळे गुण द्यावेत. परीक्षेतील रुग्णवृत्तान्त मराठीत लिहिण्याची मुभा असावी. इंग्रजी शिकूच नये असे नव्हे. विज्ञान तेथे आहे आणि ते घेतलेच पाहिजे. पण मुलाखत मराठीत झाली असेल तर तिचे इंग्रजी भाषांतर किती सफाईदार झाले यावर विद्यार्थ्याची परीक्षा घेणे, हे रोग्याच्या परीक्षेपेक्षा इंग्रजीची परीक्षा घेणे आहे.

गुणवत्ता घसरेल, हा आक्षेप येणारच. वैद्यक महाविद्यालयांत आरक्षण आले तेव्हाही तो आला होता. त्याला उत्तर इतकेच की प्रशिक्षणाची अट, देखरेखीचे तास, अंतिम परीक्षा यांतले काहीही सैल करण्याची मागणी येथे केलेली नाही. मागणी आहे ती दारापर्यंत येण्याची वाट मोकळी करण्याची. उलट, आज गुणवत्तेची निवड होते आहे असे समजणे हाच भ्रम आहे. आज निवड होते ती ज्यांना दोन वर्षे परवडतात त्यांच्यामधून.

हे सारे आत्ताच बोलण्याचे एक कारण आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवीच निकालात काढली. चिकित्सा मानसशास्त्रापुरती तिला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली होती, आणि तिची जागा घेण्यासाठी पदवी, पदव्युत्तर आणि साय. डी. असे नवे अभ्यासक्रम पुनर्वास परिषदेने आखले आहेत. जुनी घडी मोडून नवी बसविली जात असताना जागा कोठे, शुल्क किती, विद्यावेतन कोणाला, हे प्रश्न उघडे असतात. एकदा परवाने वाटले गेले आणि संस्थाचालकांनी इमारती बांधल्या की ते बंद होतात; अभियांत्रिकी आणि डी. एड. महाविद्यालयांच्या बाबतीत हे महाराष्ट्राने पाहिले आहे. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण, सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक न्याय या तिन्ही खात्यांचा येथे संबंध येतो, म्हणजे तिघांपैकी कोणीच पुढाकार घेणार नाही, अशी भीती बाळगणे भाग आहे. वर्ध्याच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात निदान एवढा प्रश्न विचारावा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची पदे राज्यात किती जिल्ह्यांत भरलेली आहेत, आणि ती भरणाऱ्यांपैकी कितीजण त्या त्या जिल्ह्यातले आहेत?